कुंपणाचे निम्मे पैसे

आमच्या आणि शेजारच्या अभिजितच्या परसामधलं लाकडी कुंपण हिवाळ्यातल्या वाऱ्यानं कललं, ते अजून तसंच आहे. त्यातली एक फळी खिळ्यांतून सुटून लटकते. ती बाजूला सारली की पलीकडे नाना दिसतात. पूर्ण नाही, निम्मे: चष्मा, बंडी आणि हातातली पाण्याची नळी. नाना म्हणजे अभिजितचे वडील. सांगलीकडच्या एका सहकारी बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झाले, आणि नातवाच्या निमित्तानं सहा महिन्यांसाठी सॅक्रामेंटोला आलेत. गाडी चालवत नाहीत, आणि क्रिकेटचे सामने इथं भलत्याच वेळी लागतात. दिवसभर चाळिशीतलं ऊन. संध्याकाळी डेल्टाकडून गार वारा सुटला की आमची फळी सरकते.

"कुंपणवाला येऊन गेला नाना," मी म्हटलं. "आकडा ऐकून मीच कलले."

"निम्मे कुणाचे?" बँकवाल्याचा पहिला प्रश्न.

"निम्मे आमचे, निम्मे अभिजितचे. इथं कायदाच आहे, २०१४ पासून. मधल्या कुंपणाचा फायदा दोघांना सारखा, असं कायदा आधीच धरून चालतो. मग खर्चही सारखा. तीस दिवस आधी पत्र द्यायचं."

"आणि एखादा म्हणाला, मला फायदाच नाही?"

"तर तसं त्यानं दाखवून द्यायचं."

नानांनी अंगठ्यानं नळीचं तोंड दाबून टोमॅटोच्या आळ्यात पाणी सोडलं. मग म्हणाले, "मग त्या बास्केटबॉलच्या हॉलचं काय? काल अभिजितनं तिकडं नेलं होतं. गोल्डन वन सेंटर. त्याला विचारलं, बाबा रे, हे कुणी बांधलं? तर म्हणतो टीमनं आणि सिटीनं मिळून. मी विचारलं, सिटीनं पैसे कुठून आणले? तो फोनमध्ये बघायला लागला."

आता अभिजित आला २०१९ला. त्याला काय माहीत? आम्ही नाटोमासात राहायला आलो तेव्हा जुना हॉल इथून दहा मिनिटांवर होता. विमानतळाकडं जाताना दोन्ही बाजूंना भाताची खाचरं दिसतात ना, तसल्याच जमिनीत १९८८ मध्ये उभा केलेला. टीम कॅन्सस सिटीहून १९८५ला आली, ती बिल्डरांच्या हातून. बिल्डर टीम आणतात तेव्हा त्यांना खेळापेक्षा खाचरांत जास्त रस असतो, हे मला पुढं घर घेताना कळलं. त्या हॉलचं नाव दोनदा बदललं. शेवटी गादीच्या दुकानवाल्यांचं लागलं होतं. २०२२ मध्ये पाडून टाकला.

"पण त्याआधीची गंमत ऐका," मी फळी आणखी थोडी सरकवली. "१९९७ मध्ये टीमचे मालक म्हणाले, परवडत नाही, जातो. तेव्हा सिटीनं त्यांना ७ कोटी ३७ लाख डॉलरचं कर्ज दिलं."

"सिटीनं? टीमला?" नळी बाजूला पडली. "म्हणजे महापालिका सावकार?"

"सावकार, आणि स्वतः बाजारातून कर्जरोखे काढून आणलेल्या पैशांवर."

"उसनं आणून उसनं दिलं." नानांच्या चेहऱ्यावर तो भाव आला, जो बहुधा त्यांच्या शाखेतल्या थकबाकीदारांनी खूप पाहिला असेल.

मग मालक बदलले. मॅलूफ बंधू आले, लास व्हेगासला कसिनो असलेले. त्यांना नवा हॉल हवा झाला. २००६ मध्ये मतदान ठेवलं: विक्रीकर पाव टक्का वाढवायचा, १५ वर्षं, आणि त्यातल्या मोठ्या हिश्श्यातून हॉल बांधायचा. आणि नेमक्या त्याच सुमारास टीव्हीवर जाहिरात लागली. बर्गरच्या एका साखळीची. त्यात हे दोघे भाऊ बर्गरबरोबर वाइन पितात, आणि त्या बर्गर-वाइनच्या जोडीची किंमत सहा हजार डॉलर!

"किती?" स्वयंपाकघराच्या खिडकीतून काकूंचा, म्हणजे नानांच्या बायकोचा, आवाज. खिडकी कुंपणाला लागूनच आहे, आणि काकूंना कमी ऐकू येतं ही फक्त नानांची समजूत आहे.

"सहा हजार, काकू. वाइनचीच."

"आणि हॉलला पैसे लोकांनी द्यायचे? अगं, मग काय झालं?"

"दर पाच जणांतल्या चौघांनी नाही म्हटलं."

"बरं झालं," काकू म्हणाल्या आणि पोळपाट आपटला. जाहिरातीमुळंच कर पडला असं नाही. टीम आणि सिटीचं आपसातच पटत नव्हतं, आणि ते सगळ्यांना दिसत होतं. पण खरं सांगते, आमच्या ऑफिसात विक्रीकराचा पाव टक्का कुणाच्या लक्षात राहिला नाही, वाइनची बाटली राहिली.

त्यानंतर मॅलूफ २०११ मध्ये टीम अनाहाइमला न्यायला निघाले, ते जमलं नाही. मग २०१३ मध्ये सिएटलच्या ख्रिस हॅन्सननं विकत घ्यायचा घाट घातला. सिएटलवाल्यांची गोष्ट वेगळीच. त्यांची स्वतःची टीम २००८ला ओक्लाहोमाला गेली, कारण नव्या हॉलला सरकारी पैसा द्यायला तिथले लोक तयार नव्हते. म्हणजे ह्यांच्या घरची दुसऱ्यानं पळवली, म्हणून हे आमच्याकडची पळवायला आले.

"आणि तुमच्या सिटीनं अडवली?"

"आमचा तेव्हाचा मेयर केविन जॉन्सन. स्वतः एनबीएत खेळलेला. त्यानं पळापळ करून नवा खरेदीदार उभा केला. रणदिवे."

खिडकी पूर्ण उघडली. "कोण रणदिवे?"

"विवेक रणदिवे, काकू. मुंबईचे. सॉफ्टवेअर कंपनीवाले."

"आपल्यातले का?"

हा प्रश्न सॅक्रामेंटोच्या महाराष्ट्र मंडळात २०१३ मध्ये इतक्या वेळा विचारला गेला की मी तेव्हाच उत्तर देणं सोडलं. मी सांगितलं की सोळा-सतरा वर्षांचा मुलगा, एमआयटीत प्रवेश मिळाला, पण तेव्हा परकीय चलन कुठं मिळत होतं? म्हणे रिझर्व्ह बँकेत जाऊन ठाण मांडलं आणि डॉलर मिळवूनच उठला.

नाना हसले. "रिझर्व्ह बँकेत? आम्हाला तिथला शिपाईसुद्धा आत सोडत नसे. मग हा टीमसुद्धा नक्कीच मिळवणार."

मिळवली. ५३ कोटी डॉलरच्या वर किंमत धरून. लीगच्या मालकांनी २२ विरुद्ध ८ मतांनी सिएटलला नाही म्हटलं. एनबीएच्या टीमचा बहुमताचा मालक झालेला पहिला भारतीय वंशाचा माणूस. २०१९च्या ऑक्टोबरात तो हीच टीम मुंबईला घेऊन आला, वरळीच्या डोममध्ये इंडियाना पेसर्सशी दोन सामने. दोन्ही हरले. काकूंना ते आठवत होतं, टीव्हीवर बघितलं होतं म्हणे, "सगळे उंचच उंच, आणि टाळ्या वाजवायला शाळेची पोरं."

"ते राहू द्या," नाना म्हणाले. "तारण काय ते सांगा."

इथंच मजा आहे. हॉलचा खर्च शेवटी ५५ कोटी डॉलरच्या वर गेला. सिटीचा वाटा साडेपंचवीस कोटी, बाकी टीमचा, आणि वर काही चढलं तर तेही टीमचंच. इमारत सिटीच्या मालकीची, टीम पस्तीस वर्षं भाडेकरू, आणि तोवर गाव सोडून जायचं नाही असं लिहून दिलेलं. वरून सिटीनं काही जमिनी दिल्या आणि रस्त्याकडेला डिजिटल जाहिरातफलक लावायच्या जागा दिल्या. २० मे २०१४ला सिटी कौन्सिलनं ७ विरुद्ध २ मतांनी मंजूर केलं. विक्रीकराचं नाव कुणी काढलं नाही. तो धडा शिकून झाला होता.

"मग पैसा?"

"पार्किंग."

नानांना वाटलं मी विषय बदलला. "पार्किंगचं काय?"

"तारण पार्किंग, नाना. सिटीचे गॅरेज, रस्त्यावरचे मीटर. त्यांचं उत्पन्न पुढं पस्तीस वर्षं हप्त्यांकडं वळवायचं. शिवाय टीमचं वर्षाचं भाडं."

नाना दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग नळीचा कॉक बंद करून आले. "उत्पन्न गहाण. म्हणजे नजरगहाण. माल गिऱ्हाइकाकडंच, बोजा आपला. आमच्याकडं उसाच्या पिकावर देतात तसं. उसाला पाऊस लागतो. ह्याला काय लागतं?"

"गाड्या."

त्याआधी २०१२मध्ये एक वेगळा बेत होता. सगळं पार्किंगच खाजगी कंपनीला काही दशकांसाठी भाड्यानं द्यायचं आणि एकरकमी पैसे घ्यायचे. ते मॅलूफांबरोबरच बारगळलं. नाना म्हणाले, "म्हणजे आधी गाय विकायला काढली होती. मग गाय ठेवली आणि दूध लिहून दिलं." मला वाटतं, सिटीच्या कुठल्याही अहवालात हे इतकं स्वच्छ लिहिलेलं नसेल.

कर्जरोखे २०१५च्या ऑगस्टात विकले. साधारण सत्तावीस कोटी डॉलरचे, व्याज ५.६७ टक्के. नानांनी भुवया वर केल्या. सरकारी कर्जाला एवढं व्याज? त्याचं कारण करमाफी. एरवी सिटीच्या रोख्यांच्या व्याजावर केंद्राचा आयकर लागत नाही, म्हणून गुंतवणूकदार कमी व्याजावर खूष असतात. पण १९८६च्या कायद्यानं स्टेडियमला मेख मारून ठेवलीय: हॉल खाजगी टीम वापरत असेल आणि हप्त्यांतला दहा टक्क्यांहून जास्त भाग खाजगी पैशातून फिटत असेल, तर करमाफी नाही. आता टीमकडून रीतसर भाडं घेतलं की रोखे करपात्र होतात आणि व्याज वाढतं. भाडं घेतलं नाही तर व्याज कमी, पण मग सगळा हप्ता लोकांच्या डोक्यावर. अमेरिकेत कित्येक गावांनी दुसरा रस्ता धरला. आमच्या सिटीनं भाडं घेतलं. ते मला त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटतं.

"वर्षाला किती?"

"एक कोटी ऐंशी लाखांच्या आसपास, सरासरी. २०५० पर्यंत."

"गुणिले पस्तीस." नाना आकाशाकडं बघत होते. "त्रेसष्ट कोटी. मुद्दल सत्तावीस." मग नेहमीसारखं म्हणाले, "हं."

आता माझी कबुली. २०१३च्या उन्हाळ्यात वाणसामानाच्या दुकानाबाहेर एक पोरगा टेबल लावून उभा होता. 'हॉलसाठी सरकारी पैसा? आधी मतदान घ्या!' मी सही केली. एवढा खर्च, तर लोकांना विचारा, यात चूक काय? महिनाभरात बातमी आली की सह्या गोळा करायचे पैसे त्या सिएटलच्या हॅन्सनकडून आले होते. वकिलांमार्फत, नाव न सांगता. हॉल अडला तर टीम त्याला मिळेल, हा हिशेब. त्यानं माफी मागितली आणि पुढं पन्नास हजार डॉलर दंडही झाला. २०१४च्या फेब्रुवारीत न्यायाधीशांनी त्या अर्जांतल्या चुका दाखवून मतदानच नाकारलं.

"म्हणजे तुम्ही लोकशाहीसाठी सही केली," नाना म्हणाले, "आणि ती जाऊन पडली पळवणाऱ्याच्या खिशात."

काकू इतक्या हसल्या की त्यांना पोळी उलटायचं भान राहिलं नाही. करपल्याचा वास आमच्या बाजूला आला.

मी राज्य सरकारच्या एका कार्यालयात हिशेब बघते. राजधानीचं गाव, डाउनटाउनला आमच्यासारखे हजारो. त्या गॅरेजांत गाड्या लावणार कोण? संध्याकाळी सामना बघणारे, बरोबर. पण रोज सकाळी आठला? आम्हीच. मला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण हप्त्यात माझा वाटा नेमाचा. आणि मीटरचे तासही हळूहळू रात्रीपर्यंत सरकले. एकदा ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर जेवायला गेले. पूर्वी सहानंतर मीटर बंद असायचे, त्याच भ्रमात गाडी लावली. पाटी वाचली नाही, चूक माझीच. रात्री पावणेनऊला परत आले तर वायपरखाली दंडाचं पाकीट. ओल लागू नये म्हणून कागद छान प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला. कुणाच्या तरी मुलाला खेळण्याच्या दुकानातून काही आणलंय असंच वाटावं.

"तुमचा हॉलला अहेर," काकू.

"पण पाऊस पडला का?" नाना अजून उसातच होते.

२०२०चा मार्च. ११ तारखेला त्याच हॉलमध्ये सामना होता, न्यू ऑर्लिन्सशी. लोक आत बसलेले आणि खेळ सुरू व्हायच्या जरा आधी रद्द. त्यानंतर आम्ही सगळे घरून काम करू लागलो. ऑफिसं रिकामी, गॅरेज रिकामी. अजूनही आम्ही आठवड्याचे सगळे दिवस जात नाही. ज्या गाईचं दूध २०५०पर्यंत लिहून दिलंय, ती गाय आता कधी घरी, कधी दारी. आणि कागदोपत्री जामीनदार कोण? सिटीची तिजोरी. दूध कमी पडलं तर अग्निशामक, बागा, पोलीस यांच्याच पैशांतून हप्ता.

"जामीनदाराला कुणी विचारत नाही," नाना म्हणाले. "सहीच्या वेळी चहा पाजतात तेवढाच मान."

मग त्यांनी गहुंजे काढलं. मला माहीतच होतं कधीतरी काढणार. पुण्याजवळचं क्रिकेट स्टेडियम. संघटनेनं बँकांकडून कर्ज काढून बांधलं, नाव सहारा समूहाला दिलं, दोनशे कोटींच्या वरचा करार. "नावाचे पैसे ठरल्याप्रमाणं आलेच नाहीत. मग नाव काढलं. आणि २०१८च्या जानेवारीत बँकांनी स्टेडियमचा ताबा घेतला. सत्तर कोटींच्या आसपास थकबाकी. ताबा म्हणजे प्रतीकात्मक ताबा. दाराला नोटीस. आता स्टेडियम जप्त करून बँक काय करणार? आम्ही एकदा एका कर्जदाराचा मळणीयंत्राचा सांगाडा आणून ठेवला होता शाखेच्या मागं. तीन वर्षं त्यात कुत्री व्यायली."

इथल्या हॉलच्या नावाचे पैसे मात्र येतात, बारा कोटी डॉलर वीस वर्षांत, क्रेडिट युनियनकडून. पण ते टीमला, सिटीला नाही. नानांना हे अजिबात पटलं नाही. "इमारत सिटीची आणि पाटीचं भाडं भाडेकरूला?"

"करारातच तसं आहे."

"असेल. करारात काहीही असतं."

मी त्यांना सिएटलच्याच किंगडोमची गोष्ट सांगितली. कौंटीनं बांधलेला मोठा घुमटाचा हॉल. २००० सालच्या मार्चमध्ये सुरुंग लावून पाडला, आणि त्याच्या कर्जाचे हप्ते हॉटेलकरातून २०१५पर्यंत चालू. नाना म्हणाले हे खोटं असणार. मी म्हटलं, अभिजितला फोनमध्ये बघायला सांगा.

बरं, आता उलट बाजू सांगितली नाही तर माझ्या जिभेला किडे पडतील. के स्ट्रीटवर, आता हॉल आहे तिथला, मॉल मरणपंथाला लागला होता. दुपारी चारनंतर तिथून चालताना मी पर्स पोटाशी धरायची. आता हॉटेलं आहेत, लोक आहेत. अर्थशास्त्रातली मंडळी बहुतेक एकमतानं सांगतात की असल्या हॉलना दिलेला सरकारी पैसा त्या मानानं परत येत नाही; लोक सिनेमाला न जाता सामन्याला जातात, एवढंच होतं. मी हिशेबाची माणूस, मला ते पटतं. पण २०२३मध्ये टीम सतरा वर्षांनी प्लेऑफला पोचली. जिंकली की हॉलच्या माथ्यावरून जांभळा झोत आकाशात सोडतात. आमच्या परसातून दिसतो, नेमका ह्याच कललेल्या कुंपणावरून. त्या एप्रिलमध्ये गल्लीतली सगळी पोरं बाहेर येऊन ओरडत होती. माझे यजमान, जे कधी बाहेर येत नाहीत, तेही लुंगीवर बाहेर. मी हातात भाकरीचं पीठ तसंच घेऊन उभी होते. हप्त्यात माझा वाटा आहे, हे त्या वेळी काही मला टोचलं नाही.

"हे कुठल्या खात्यात लिहायचं?" मी नानांना विचारलं.

"ते आमच्याकडं 'इतर' मध्ये जायचं," ते म्हणाले.

काकूंना आता नवीन पाहुण्यांची चौकशी करायची होती. बेसबॉलची पूर्वीची ओकलंडची टीम, ए'ज, २०२५च्या मोसमापासून वेस्ट सॅक्रामेंटोच्या छोट्या मैदानात खेळतेय; ते मैदानही रणदिव्यांच्याच हातात. तीन मोसम इथं, मग लास व्हेगासला, जिथं नेवाडा राज्यानं त्यांच्या स्टेडियमसाठी ३८ कोटी डॉलरपर्यंत सरकारी पैसा मंजूर केलाय. इथं असताना नावापुढं सॅक्रामेंटोसुद्धा लावत नाहीत.

"म्हणजे घर बांधून होईपर्यंत शेजाऱ्याकडं मुक्काम," काकू म्हणाल्या, "आणि दारावर पाटी नाही. एवढ्या उन्हात खेळतात बिचारे. त्यांचं पार्किंग कुणाकडं?"

"ते नदीपलीकडचं गाव, काकू. दुसरी सिटी."

"तरी कुणाकडं तरी असेलच की."

अंधारायला लागलं. नानांनी लटकती फळी हातानं हलवून बघितली, खिळ्याचं भोक बोटानं चाचपलं. लाकूड तिथं कुजून भुसा झालंय.

"ताई, हे कुंपण नवीन करायचं, तर अभिजितचे निम्मे मी देतो. त्याला सांगू नका."

"का? कायद्यानं मालक तो."

"मालक तो, पण वापर माझा. तो कधी येतो का इथं?" नाना खाली वाकले. "फक्त त्या कुंपणवाल्याला सांगा, ही एक फळी बिजागरीवर बसवायची. तिचे जास्तीचे पैसे माझ्याकडून. निम्मे नाहीत, सगळे."

मग फळीच्या फटीतून एक प्लास्टिकची पिशवी आली, चार टोमॅटो आणि माझाच मागच्या आठवड्यातला डबा. डब्यात काकूंनी शेंगदाण्याची चटणी भरली होती. करपलेल्या पोळीचा तुकडा वर ठेवला होता, आमच्या कुत्र्यासाठी.